सहा वाजून एक मिनिट

आयर्लंडमध्ये टीव्हीवरच्या संध्याकाळच्या बातम्या सहाला लागत नाहीत, सहा वाजून एक मिनिटाने लागतात. बातम्यांचं नावच मुळी ‘सिक्स वन’. मधलं मिनिट घंटेचं असतं.

ही घंटा अँजेलसची. तू येशूची आई होणार, असा निरोप गब्रिएल दूताने मरियेला दिला, त्याच्या आठवणीची कॅथलिक प्रार्थना. तीन, तीन, तीन आणि मग नऊ असे अठरा टोल. आरटीई म्हणजे इथलं आकाशवाणी आणि दूरदर्शन एकत्र. तिच्या रेडिओवर घंटा दुपारी बारालाही वाजते. रेडिओवर ती सुरू झाली १५ ऑगस्ट १९५० ला. आपल्या झेंडावंदनाशी त्याचा काही संबंध नाही. तो मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. (वसईत त्या दिवशी झेंडावंदन आणि चर्चमधली मिस्सा दोन्ही उरकायचं असतं.) डब्लिनचे आर्चबिशप तेव्हा जॉन चार्ल्स मॅक्वेड होते, आणि त्यांचा शब्द सरकारदरबारीही खाली पडत नसे.

डब्लिनला आल्यापासून मला हे मिनिट फार आवडतं. कोणी बोलत नाही, कोणी काही विकत नाही. पूर्वी पडद्यावर मरियेची चित्रं असत. २००९ पासून साधी माणसं दिसतात, हातातलं काम थांबवून क्षणभर थबकलेली. प्रार्थनेचा एक शब्दही नाही. देवाला मागच्या दाराने हळूच बाहेर काढून घंटा तेवढी ठेवली, असं कडवे कॅथलिक म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे. आणि सगळ्यांच्या पैशांवर चालणाऱ्या वाहिनीवर एकाच पंथाची घंटा का, हा उलट बाजूचा प्रश्नही खोटा नाही. तो वाद दर काही वर्षांनी उकरून निघतो. २०१५ ला या देशाने समलिंगी विवाहाला मतदानाने होकार दिला, २०१८ ला गर्भपातबंदी घटनेतून काढली. घंटा मात्र राहिली.

शेजारच्या आजी पाच एकोणसाठला टीव्हीचा आवाज बंद करतात आणि चहाचं आधण ठेवतात. त्यांची आई हातातला बटाटा तसाच ठेवून उभी राहायची, ओठ हलायचे. आजी स्वतः नन्सच्या शाळेत शिकल्या. तिथलं त्या फारसं सांगत नाहीत, पण आवाज मात्र रोज बंद करतात. “तुला गोड वाटते,” मला म्हणाल्या, “कारण तुला कोणी गुडघ्यावर बसवलं नाही.”

हे मला लागलं, कारण खरं होतं. परक्याच्या देवळातली घंटा नेहमीच मंजुळ. तिच्यामागे ना उपास, ना दटावणी, ना पापाची भीती. बाहेरच्याच्या वाट्याला नुसता नाद येतो.

मग मी उलटं मोजायला लागले. आमच्याकडे सकाळी रेडिओ लागायचा तो वंदे मातरम्, मंगलध्वनी, मग भक्तिगीतं, या क्रमाने. अभंग चालू असताना दूध उतू जायचं, वेण्या घातल्या जायच्या, बाबा दाढी करायचे. धर्म ऐकतोय असं कोणाच्या मनातही नव्हतं. ती सकाळ होती. आषाढीला पहाटे विठ्ठलाची महापूजा दूरदर्शनवर दिसायची, तीही तशीच, मुख्यमंत्र्यांसकट. सरकारी वाहिनीवर हे कसं, असं विचारायला आमच्या चाळीत कोणाला सुचलं नसतं. निदान भिंतीच्या आमच्या बाजूला तरी.

भिंतीच्या त्या बाजूला वसईचं एक कॅथलिक कुटुंब होतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गातली. भिंत पातळ, आमचा रेडिओ मोठा. इतक्या वर्षांनी परवा तिला फोनवर विचारलं, तुम्हाला रोज सकाळी आमचे अभंग ऐकावे लागायचे, त्याचं काही वाटायचं का गं?

“वाटायचं काय? पाठ झाले सगळे,” ती म्हणाली. “अजून भांडी घासताना तोंडात तुकारामच येतो. पण घरी संध्याकाळी आम्ही रोझरी म्हणायला बसलो की तुझी आई खिडकी लावून घ्यायची. आणि तू सांग, आमचं एक तरी भक्तिगीत येतं का तुला? मराठीतलं?”

बराच विचार करून मला आठवलं ते गाणं सांताक्लॉजचं निघालं, आणि तेही इंग्रजी. ती इतकी हसली की तिच्या नवऱ्याने पलीकडून काय झालं म्हणून विचारलं.