सॉल्ट लेक स्टेडियम: १,३१,७८१ पासून ६६ हजारांपर्यंत

कोलकात्याचं विवेकानंद युवभारती क्रीडांगण, म्हणजेच सॉल्ट लेक स्टेडियम, १९८४ च्या जानेवारीत नेहरू कप या फुटबॉल स्पर्धेने सुरू झालं. लंबवर्तुळाकार वाटी, प्रेक्षकांचे तीन मजले आणि क्षमता १,२०,०००. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगाल क्लबने मोहन बागान क्लबला ४-१ ने हरवलं. भायचुंग भुतियाने हॅट्‌ट्रिक मारली, आणि हजेरी होती १,३१,७८१!

एवढी माणसं मावायची कशी? खुर्च्याच नव्हत्या. काँक्रीटच्या पायऱ्यांवर खेटून बसलं की माणूस जेमतेम फूट-दीड फूट जागा घेतो. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची आली आणि आकडा साधारण ६६ हजारांवर उतरला. अंतिम सामना इथेच झाला; इंग्लंडने स्पेनला ५-२ ने नमवलं.

२०११ मध्ये अंथरलेलं कृत्रिम गवत पुढे काढून पुन्हा खरं गवत लावलं, हे बरंच झालं. कृत्रिम गवत उन्हात भयंकर तापतं, घसरलं की कातडी सोलवटते. ॲथलेटिक्सची धावपट्टी मात्र कायम आहे. तिच्यामुळे गोलमागचा प्रेक्षक मैदानापासून फार लांब पडतो. निव्वळ फुटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियमची मजा इथे नाही.