घुमेच्या सबबी आणि आमचे गुडघे

दरवर्षी श्रावणातल्या एका मंगळवारची दुपार डोंबिवलीच्या आमच्या महिला मंडळात मंगळागौरीच्या खेळांसाठी राखून ठेवलेली असते. खरे पाहता मंगळागौर ही नवविवाहितेची. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे तिने श्रावणी मंगळवारी गौर पुजायची, सोळा प्रकारची पत्री वाहायची, मुक्याने जेवायचे आणि रात्र खेळून जागवायची, असा तिचा परिपाठ. आमच्या मंडळात या हिशेबाने पात्र ठरणारी एकही खेळाडू नाही. बहुतेकींच्या लग्नाला चाळीस-पन्नास वर्षे उलटून गेली आहेत आणि काहींच्या तर नातींच्या मंगळागौरीही होऊन गेल्या आहेत.

आमच्यातल्या पुष्कळ जणी हे खेळ माहेरच्या वाड्यात किंवा चाळीच्या गच्चीवर शिकल्या. पुढे कुणी बँकेत लागली, कुणी टेलिफोन खात्यात, कुणी शाळेत. पहाटे उठून डबे भरायचे, फलाटावर धावत जाऊन लोकल गाठायची, संध्याकाळी बायकांच्या डब्यातच भाजी निवडायची आणि घरी येऊन पुन्हा ओट्यापाशी उभे राहायचे, यात तीस-पस्तीस वर्षे गेली आणि त्या काळात फुगडी घालायला कुणाला उसंत मिळाली नाही. म्हणूनच 'मनाने तरुण राहिलेल्या आज्या' असे कौतुक कुणी भाषणात केले की मला ते अपुरे वाटते, कारण यांपैकी अनेकींच्या वाट्याला खेळण्याचे तरुणपण त्या वयात आलेच नव्हते. ते त्यांनी निवृत्तीनंतर, भविष्यनिर्वाह निधीसारखे, व्याजासकट वसूल केले.

आमच्या मंडळात पहिल्या वर्षापासून एक गोष्ट ठरलेली आहे. पती हयात असलेली आणि नसलेली असा भेद रिंगणात करायचा नाही. पूर्वी पती गेल्यावर बाईने हळदीकुंकवाच्या बैठकीतूनच नव्हे, तर खेळाच्या रात्रीतूनही आपण होऊन मागे सरायचे असे, आणि ते इतके अंगवळणी पडलेले होते की सुरुवातीच्या एका मेळाव्यात आमच्या एक काकू सगळी गाणी तोंडपाठ असूनही दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना काहीही समजावले नाही. त्यांनी फक्त झिम्म्यासाठी एक जोडीदारीण कमी पडते आहे, असे जाहीर केले. त्या दिवसापासून झिम्म्याचा ठेका काकूच धरत आल्या आणि कुणाची टाळी चुकली तर तिच्याकडे रोखून पाहण्याचा अधिकारही त्यांनी स्वतःकडे घेतला.

'नाच गं घुमा' हे लोकगीत आमच्या कार्यक्रमात हटकून असते. त्यातल्या घुमेला नाचायला बोलावले की ती सबबी सांगते. कधी सोनार आलेला नाही, कधी कासार आलेला नाही, मग दागिन्याविना आणि बांगड्यांविना तिने नाचायचे कसे? गंमत अशी की हे सगळे ती नाचता नाचताच सांगत असते. आमच्या सरावातही सबबींना तोटा नसतो. कुणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कुणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले असते, आणि ज्यांनी दोन्ही गुडघे बदलून घेतले आहेत त्यांना डॉक्टरांनी खाली बसायलाच मनाई केलेली असते. वय म्हणजे केवळ आकडा असे म्हणणाऱ्यांनी एकदा बसफुगडी घालून पाहावी. आम्ही वय नाकारत नाही. त्याच्याशी वाटाघाटी करतो. बसफुगडी ज्यांना जमते त्या ती घालतात, बाकीच्या उभी फुगडी धरतात, आणि ज्यांना तीही झेपत नाही त्यांच्याकडे सूप, लाटणी आणि गाणी येतात. शिवून घेतलेल्या नऊवारीच्या आत गुडघ्यांचे पट्टे बेमालूम झाकले जातात, हा त्या शिवणीचा मोठाच गुण म्हणायचा.

सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ रंगतो तो पात्रयोजनेमुळे. सून होण्याचा मान सर्वांत वयस्कर बाईंचा आणि सासू सर्वांत धाकटी. पंचाहत्तरी ओलांडलेली सून माहेरी जाण्यासाठी पाय आपटून हट्ट करू लागली, की प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या खऱ्या सुनेला हसू आवरत नाही, आणि कधी कधी त्या भांडणात गाण्याबाहेरचीही चार वाक्ये येतात.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी एकत्र जमता आले नाही. फोनच्या पडद्यावर झिम्मा खेळून पाहिला, पण प्रत्येकीची टाळी निरनिराळ्या वेळी पोहोचत असल्याने तो नाद आम्ही लवकरच सोडून दिला. त्याची भरपाई २०२३ मध्ये झाली. त्या वर्षी १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण होता, त्यामुळे व्रताचा पहिला मंगळवार थेट २२ ऑगस्टला आला. सरावाला महिनाभर जास्त मिळाल्याचा आनंद आम्हाला चारच दिवस टिकला, कारण शिकवणाऱ्या बाईंनी तेवढ्यात गोफाचा नवा प्रकार बसवायला घेतला. गोफ विणताना एकीचे पाऊल चुकले तरी सगळ्या दोऱ्यांचा गुंता होतो. तो सोडवताना होणारे रुसवे, 'मी बरोबरच होते' अशी तक्रार आणि नंतर भाजणीच्या वड्यांच्या ताटाशी होणारा समेट पाहिला, की शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या तालमी आठवतात. तिथेही आम्ही अशाच भांडत होतो.

गेल्या मेळाव्यानंतरच्या बैठकीत नुकत्याच निवृत्त झालेल्या एका सभासदेने मधल्या फुगडीत जागा मागितली. गुडघे शाबूत, श्वास दांडगा, तयारी उत्तम, असे तिचे सगळे मुद्दे रास्त होते. झिम्म्याच्या काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि, तू अजून लहान आहेस, दोन-तीन श्रावण कडेला टाळ्या वाजव, मग पाहू, असा निर्णय दिला. त्या लहान सभासदेने लेखी हरकत नोंदवली आहे.