गाठ कुठं मारली त्यावर

गेल्या महिन्यात आईचा साज गाठवायला कोल्हापुरात गुजरीत गेले होते. दोरा कुजला होता, जवमणी सुटायला आले होते. पटवेकरी काकांनी नवा दोरा ताणून धरला, एक घट्ट गाठ मारली आणि पहिला मणी तिला टेकवून बसवला. मग दुसरा, तिसरा. मी विचारलं, "काका, अंतर मोजत नाही तुम्ही?"

"पैला मणी गाठीला नीट बसला की मागची आपसूक रांगंत येत्यात, ताई. गाठ ढिली राहिली की समदी माळ हलती."

मी एमएस्सीच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते. त्याच आठवड्यात वर्गात न्यूक्लिओसोमच्या, म्हणजे डीएनएचा दोरा ज्यांत बांधलेला असतो त्या प्रथिनांच्या मण्यांच्या, जागा कशा ठरतात हे सांगताना माझी दोन तास ओढाताण झाली होती, आणि इथं काकांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

तरी माळेची उपमा एका जागी फसते, आणि मुलं तिथंच अडकतात. 'दोऱ्यात ओवलेले मणी' हे वर्णन १९७०च्या दशकातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांमुळे रूढ झालं. ती चित्रं खरी आहेत, पण आपल्या माळेत दोरा मण्याच्या पोटातून जातो. पेशीत तो बाहेरून गुंडाळलेला असतो, भोवऱ्यावर जाळी गुंडाळावी तसा. भोवरा म्हणजे आठ हिस्टोन प्रथिनं: एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४, प्रत्येकी दोन. त्यांच्याभोवती डीएनएच्या १४७ जोड्या (डीएनएची लांबी अशा अक्षर-जोड्यांत मोजतात) १.६५ वेढे घेतात, तेही डावीकडे वळत. १९९७ साली झुरिकमध्ये कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी स्फटिकातून याची अणूंच्या पातळीवरची रचना दाखवली. वर्गात ते चित्र लावलं की मी थोडा वेळ गप्प बसते. दीडशे जोड्यांचा डीएनएचा तुकडा मोकळा सोडला तर बऱ्यापैकी ताठ राहतो. त्यालाच इथं एवढ्या लहान गोलाईत वाकवलंय.

हे हातानं करून बघावं म्हणून आम्ही कोंबडीचं रक्त घेतलं. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, कोंबडीच्या असतं. लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून सकाळी सात वाजता गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या बाटलीत रक्त आणलं, बर्फात ठेवून. पेशी फोडून केंद्रकं धुवत राहायचं, गुलाबी रंग जाऊन तळाशी पांढरा गोळा दिसेपर्यंत. मग मायक्रोकॉकल न्यूक्लिएझ हे एन्झाइम घालायचं. मण्याभोवती गुंडाळलेला डीएनए त्याच्या सहज हाती लागत नाही, दोन मण्यांमधला मोकळा दोरा मात्र ते पटकन कापतं.

पहिल्या दिवशी काहीच कापलं गेलं नाही. विजेच्या दाबानं डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलमध्ये सगळा डीएनए खाचेपाशीच अडकून बसला. चूक माझी होती. धुण्याच्या द्रावणात, म्हणजे बफरमध्ये, हाताच्या सवयीनं मी ईडीटीए घातलं होतं. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच बांधून ठेवतं. अख्खी सकाळ वाया गेली, मुलांची तोंडं उतरली, मलाही फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ईडीटीए फक्त शेवटी वापरलं, एन्झाइम थांबवायला. एक, दोन, पाच, दहा मिनिटांचे नमुने काढले. यूव्हीचा दिवा लावला आणि मागून एक मुलगी ओरडली, "मॅडम, शिडी आली!"

खरंच शिडी. सगळ्यात खाली एका मण्याचा पट्टा, वर दोघांचा, तिघांचा, चौघांचा. दोरा कुठंही तुटला असता तर नुसता धूसर ओघळ दिसला असता. पायऱ्या दिसल्या याचा अर्थ मणी ठरावीक अंतरानं बसलेत. १९७३ साली ऑस्ट्रेलियात ह्युइश आणि बर्गोइन यांना उंदराच्या यकृतात अशीच शिडी दिसली होती आणि पुढच्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी तिचा अर्थ लावला. ती शिडी कोल्हापुरात, आमच्या जुन्या जेलपेटीत उतरलेली बघताना अंगावर काटा आला.

पण अंतर ठरावीक असणं वेगळं आणि जागा ठरलेली असणं वेगळं. काकांची गाठ कामी येते ती इथं. यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या, जनुकांवर हे छान दिसतं. जनुकाच्या सुरुवातीजवळ मणी नसलेला एक मोकळा पट्टा असतो. तिथं बऱ्याचदा नुसत्या ए-टी जोड्यांची सलग ओळ असते. ती ताठ असते, हिस्टोनभोवती वाकायला नाखूष. त्या पट्ट्याच्या कडेला पहिला न्यूक्लिओसोम पक्का बसतो आणि पुढचे त्याच्या आधारानं रांग धरतात. गाठीपासून जितकं लांब जाल तितकी रांग विस्कटत जाते. मात्र दोऱ्याचा ताठपणा एकटा पुरत नाही. नुसता डीएनए आणि हिस्टोन परीक्षानळीत एकत्र केले तर ही रांग नीट लागत नाही. २०११ साली यीस्टचा अर्क आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) घातल्यावर ती बरीचशी पेशीतल्यासारखी लागली. मणी सरकवणारी प्रथिनं त्या अर्कात असतात, आणि सरकवायला ऊर्जा लागते. म्हणजे पेशीतही पटवेकरी असतो, आणि तो सतत कामावर असतो. जनुक वाचायचं की झाकून ठेवायचं हे पुष्कळदा यावर ठरतं, म्हणून मला हा भाग घाईत उरकायचा नव्हता.

मुलांनी शिडीचा फोटो छापून पट्टीनं अंतरं मोजली, सेमीलॉग कागदावर आलेख काढला. एका मण्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण २१० जोड्या आल्या. उंदराच्या यकृतात हाच आकडा २००च्या आसपास असतो. कोंबडीच्या तांबड्या पेशीत मण्यांमधल्या दोऱ्यावर एच१ या हिस्टोनऐवजी मुख्यतः एच५ बसतं, तिथला दोरा थोडा लांब असतो आणि केंद्रक जवळजवळ मुकं झालेलं असतं, म्हणजे तिथली जनुकं फारशी वाचलीच जात नाहीत.

आता यीस्ट. तिथं १६५च्या आसपास आकडा यायला हवा. त्याची भिंत फोडायला झायमोलेज हे एन्झाइम लागतं, त्याची मागणी कालच नोंदवली. बफरच्या बाटल्यांवर या वेळी मुलांनीच लाल शाईनं लिहून ठेवलंय: 'ईडीटीए नाही'.