तापाच्या तक्त्यावरचं युद्ध

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाल्यावर पुस्तक लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, मॅडम आता आपल्या आठवणी लिहिणार. त्या लिहायच्या नव्हत्या. दरवर्षी 1 ऑक्टोबरला रेझिंग डेच्या, म्हणजे स्थापना दिनाच्या दिवशी आम्हाला सर्व्हिसचा इतिहास ऐकवला जायचा: 28 मार्च 1888 ला दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबईत उतरल्या, पहिल्या महायुद्धात भारतीय मुली भरती झाल्या, 1926 मध्ये इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमची उभी राहिली. मग दुसरं महायुद्ध दोन वाक्यांत, आणि थेट चहापान. ती दोन वाक्यं मला टोचायची. ब्रह्मदेशच्या आघाडीमागच्या इस्पितळांत आमच्या या थोरल्या बहिणी रात्रपाळीला नेमकं काय करत होत्या, एवढंच मला हवं होतं.

सुरुवात घरबसल्या झाली. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर जुन्या फायलींची सूची चाळता येते आणि बऱ्याच फायली तिथेच वाचताही येतात. शोधताना एकच शब्द टाकून भागत नाही. नर्स, सिस्टर, मेट्रन, लेडी नर्स, ऑक्झिलरी नर्सिंग सर्व्हिस, असं सगळं इंग्रजीतून टाकून बघावं लागतं. फायली निघाल्या, पण त्यांत होतं काय? गणवेश भत्ता, क्वार्टर, रजा, रेल्वेचं वॉरंट. सिस्टरने कुठे राहावं, काय घालावं, तिच्या जेवणाचा खर्च कुणी द्यावा, यावर पानंच्या पानं. तिने ड्यूटीवर काय केलं याबद्दल अवाक्षर नाही. आणखी एका वाचनालयात तर मागितलेली फाईल ‘उपलब्ध नाही’ अशा शेऱ्यासह चिठ्ठीच परत यायची. आठवडाभर फायलीची वाट बघायची आणि हातात आपलीच चिठ्ठी, हा अनुभव ज्याने घेतलाय त्यालाच कळेल.

एक कागद मात्र मन लावून वाचला: 1943 चा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसेसचा अध्यादेश. त्याने सिस्टर्सना कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. गव्हर्नर-जनरलचा अध्यादेश एरवी सहा महिन्यांत संपायचा, पण 1940 च्या एका कायद्याने युद्धकाळापुरती ती मुदत उठवली होती, म्हणून हा टिकला. इतका टिकला की माझं स्वतःचं कमिशनही त्याच्याच आधारावर होतं. नोकरीत असताना मी तो कधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला नव्हता; आमच्यापैकी फार कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

वाट सापडली ती मलेरियामुळे. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी 1943 सालचं प्रमाण लिहून ठेवलंय: जखमी म्हणून मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे आजारी म्हणून पाठवलेले 120. ते वाचलं आणि मी ‘नर्स’ शोधणं थांबवून ‘मलेरिया’ शोधायला लागले. आघाडीजवळच तापकऱ्यांसाठी मलेरिया फॉरवर्ड ट्रीटमेंट युनिट्स काढली होती, म्हणजे माणूस शेकडो मैल मागे न जाता थोड्या आठवड्यांत पलटणीत परत. मलेरिया रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या रोज, कातडी पिवळी पडेपर्यंत. बी. एल. रैना यांनी संपादित केलेले भारतीय सैन्याच्या वैद्यकीय सेवेच्या अधिकृत इतिहासाचे खंड इथे फार उपयोगी पडले. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 177 या क्रमांकाखाली वैद्यकीय युनिटांच्या युद्ध-रोजनिश्या आहेत. तिथे स्वतःच्या कॅमेऱ्याने पानांचे फोटो विनामूल्य काढता येतात. माझी भाची तिकडेच असते. तिला यादी पाठवली, तिने शनिवार घालवून फोटो पाठवले. (मावशीच्या पुस्तकापायी बिचारीचे बरेच शनिवार गेले.)

रोजनिशीत सिस्टरचं नाव क्वचितच. खाटा किती, भरलेल्या किती, आज दाखल किती, मृत्यू किती, एवढंच. पण नर्सला तेवढं पुरतं. समजा वॉर्डात साठ तापकरी आहेत. दर चार तासांनी ताप बघायचा, म्हणजे बारा तासांच्या पाळीत तीन फेऱ्या, 180 नोंदी. तीन तीन मिनिटं धरली तरी नऊ तास. सहा जणांच्या तोंडात एकदम थर्मामीटर दिले तर वेळ वाचतो हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याला हुडहुडी भरलीय तो थर्मामीटर चावतो, त्याच्याजवळ उभंच राहावं लागतं. मग टेपिड स्पंजिंग (कोमट पाण्याने अंग पुसून ताप उतरवणं), भिजलेल्या चादरी, लघवीचा हिशेब, बरळणाऱ्याला खाटेवरून उतरू न देणं. हे सगळं सिस्टर एकटी करत नव्हती, हेही लिहायला हवं. भारतीय इस्पितळांत सिस्टर्स थोड्या असायच्या आणि अंगमेहनतीचा मोठा भार नर्सिंग ऑर्डर्लींवर, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीसांवर असायचा. सिस्टर त्यांना शिकवायची, देखरेख करायची, आणि बिघडलेला पेशंट आधी ओळखायची. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण याच एका रात्रपाळीचं झालं. संपादक म्हणाले, कंटाळवाणं होईल. मी म्हटलं, रात्रपाळी असतेच तशी.

मुलाखतींना उशीरच झाला होता. त्या युद्धातल्या सिस्टर्स बहुतेक गेल्या. भेटल्या त्यांच्या मुली, सुना आणि 1965, 1971 ला ड्यूटी केलेल्या माझ्या सीनियर्स. ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटलं की प्रत्येकजण भाषण देते: देशसेवा, त्याग, जवानांचं मनोबल. मग मी प्रश्न बदलले. नाइटला हँडओव्हर कोण घ्यायचं? पायात काय असायचं? सुया उकळायला स्टोव्ह कुठला? एक सीनियर मॅडम तासभर नुसतं ‘सगळं छान होतं गं’ म्हणत होत्या. स्टोव्हचा विषय निघाल्यावर ज्या सुटल्या त्या थेट जेवणापर्यंत. 1971 बद्दलचं मात्र मी गाळूनच घेतलं. आपण निवृत्त झालो तरी 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा निवृत्त होत नाही. शंका आली तिथे ठिकाण आणि युनिट काढून टाकलं. पेशंटचं नाव कुठेच घातलं नाही, मग तो कितीही जुना असो.

लिहिताना सर्व्हिस रायटिंग, म्हणजे सैन्यातली कागदपत्रं लिहिण्याची ठरीव पद्धत, फार आडवं आलं. परिच्छेदांना क्रमांक, प्रत्येक गोष्टीला लघुरूप, कर्ता गायब: ‘रुग्णास हलविण्यात आले.’ अरे, पण हलवलं कुणी? धाकटी जाऊ मराठीची शिक्षिका आहे, तिने पहिल्या मसुद्यावर लाल पेनाने ‘कोणी?’ एवढंच लिहून पानं भरली. तिचं ऐकलं. त्या फायलींतून सिस्टर्स याच वाक्यरचनेने गायब केल्या होत्या, आणि मीही तेच चालवत होते.

प्रकाशकाला मुखपृष्ठावर बंदूक घेतलेली स्त्री हवी होती. मला तापाचा तक्ता. बरीच घासाघीस झाल्यावर तडजोड ठरली: तक्ता राहील, पण युद्धातल्या इतर स्त्रियांवर एक प्रकरण घालायचं. ते घालताना मलाच मजा आली. 1942 मध्ये निघालेल्या विमेन्स ऑक्झिलरी कोअरमध्ये सुमारे 11,500 स्त्रिया होत्या: टेलिफोन, संकेतलिपी, टंकलेखन, गाड्या चालवणं. तिच्याच नौदल शाखेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन 1945 मध्ये ब्रिटनला अभ्यासदौऱ्यावर गेल्या. आणि त्याच ब्रह्मदेशात समोरच्या बाजूला 1943 मध्ये सिंगापूरला उभी राहिलेली आझाद हिंद सेनेची राणी झाशी रेजिमेंट. मलायातल्या रबराच्या मळ्यांतल्या कितीतरी मुली तीत होत्या, आणि कॅप्टन लक्ष्मी स्वतः मद्रासला शिकलेल्या डॉक्टर. त्या रेजिमेंटच्या परिचारिकांच्या दलाला नाव होतं चांदबिबीचं, आपल्या अहमदनगरच्या. दोन्ही बाजूंच्या बायका मलेरियाशीच झुंजत होत्या. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मी पडले नाही. त्यावर पुष्कळ लिहून झालंय आणि ते लिहिणाऱ्यांत थर्मामीटर धरलेलं कुणी फारसं दिसत नाही.

बाकीचं सोपं होतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे छापल्यावर तीस दिवसांत ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय त्यात पहिलं. हे काम प्रकाशकाचं असतं, पण आपण विचारत राहिलेलं बरं.

दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू आहे. कुणाच्या घरी आजी, आत्या, मावशी त्या काळात मिलिटरीत नर्स असेल तर ट्रंक जरूर उघडा. मेडलं सगळे जपून ठेवतात; मला नेमणुकीची पत्रं, बदलीच्या ऑर्डरी आणि ग्रुप फोटो हवे आहेत. फोटो स्कॅन कराल तेव्हा मागची बाजूही करा. नावं बहुधा तिथेच पेन्सिलीने लिहिलेली असतात.