पत्त्याची बाजू

जुन्या पोस्टकार्डांवरचं पुणं बघत बसलं की थोड्या वेळानं एक प्रश्न पडायला लागतो. यात पुणेकर कुठे आहेत?

बंड गार्डन आहे. फिट्झजेराल्ड पूल आहे, त्याच्या टोकांवरचे सिंह आहेत. एम्प्रेस गार्डन, रेसकोर्स, गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला, लष्करातली मेन स्ट्रीट, सेंट मेरी चर्च, लाल देऊळ, खडकीच्या बराकी, सगळं यथास्थित. पण शनिवार, नारायण, सदाशिव, कसबा? या पेठांच्या वाट्याला क्वचित एखादं कार्ड येतं. त्यावर 'नेटिव्ह सिटी' असा ठोक मथळा असतो आणि खाली कुठली तरी गल्ली. बुधवारातली म्हटलं तर बुधवारातली, रविवारातली म्हटलं तर रविवारातली. दुकानाच्या फळीवर बसलेले दोघे-तिघे कॅमेऱ्याकडे संशयानं बघताहेत. एवढं मात्र अस्सल पुणेरी.

यात कुणाचा कट वगैरे नाही. कार्ड ज्याला विकायचं त्याच्या ओळखीचं चित्र छापायचं, इतका सरळ हिशेब. पावसाळा आला की मुंबई इलाख्याचा गव्हर्नर लवाजम्यासकट पुण्याला मुक्कामाला यायचा. त्याच्या मागे साहेब, मडमा, घोडे, शर्यती आणि मेजवान्या. छावणीत गोऱ्या पलटणी होत्याच. ही मंडळी घरी कार्डं धाडायची. बंड गार्डनला संध्याकाळी बँड ऐकला, मग त्याचंच कार्ड घेतलं आणि आईला पाठवलं. त्या आईला पासोड्या विठोबाचं चित्र पाठवून काय करायचं होतं? शिवाय क्लिफ्टनसारख्या मुंबईच्या कंपन्या फोटो इकडे काढायच्या आणि त्या काळी बरीचशी छपाई जर्मनीत व्हायची. फोटो काळा-पांढरा, रंग छापखान्यातले. ज्याला मुठेचं पाणी ठाऊक नाही त्यानं ते रंगवलेलं. म्हणून कार्डांवरची आपली नदी निळीशार असते आणि वर आभाळाला गुलाबी झाक. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन छपाईचा हा सुकाळ संपला.

तरीही काही कार्डं हातातून सोडवत नाहीत. पर्वतीचं एक आहे माझ्याकडे. डोंगर ओळखीचा, देवळाचं शिखरही ओळखीचं. पण पायथ्याशी पाणीच पाणी, आणि त्या पाण्यात झाडीचं एक बेट. सारसबागेत भेळ खाऊन वाढलेल्या माणसाला हे बघून गरगरतं. नानासाहेब पेशव्यांच्या वेळचं पर्वतीचं तळं ते. तळ्यातला गणपती हे नाव आपण लहानपणापासून ऐकतो, पण तळं म्हणजे नजरेसमोर येतं ते कमळांचं छोटं डबकं. या कार्डावर मात्र पाणी डोंगराच्या पायाला लागलंय. भिंगातून पाहिलं तर काठावर एक बाई वाकलेली दिसते. धुणं धुतेय की पाणी भरतेय, ते कळत नाही. फोटोवाल्यानं तिला मुद्दाम घेतलेलं नाही. ती आपल्या कामाला आली आणि चित्रात राहून गेली. अशी चुकून आलेली माणसं हीच या कार्डांवरची खरी पुणेकर मंडळी.

मंडईचं कार्डही मजेदार. इमारत तीच, अष्टकोनी मनोऱ्याची. मथळा 'रे मार्केट'. १८८६ साली ती उघडली तेव्हा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं नाव. ही मंडई बांधायचं घाटत होतं तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्याला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव लागलं. हे कुठल्याही कार्डावर येणार नाही, पण कार्ड हातात असलं की आठवतं.

गणेशखिंडीच्या बंगल्याची कार्डं तर ढिगानं मिळतात. आता तिथे विद्यापीठ आहे. हिरवळ, मनोरा, वळणाची वाट, सगळं इतकं शांत की मधल्या काळात तिथे काही घडलं असेल असं वाटू नये. याच बंगल्यात २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाची साठ वर्षं साजरी झाली. तो समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडला गाठलं. गावात प्लेग होता, गोरे शिपाई घरोघर शिरून झडत्या घेत होते, माणसं चिडलेली होती. चित्राची पोस्टकार्डं हिंदुस्थानात रुळू लागली ती साधारण याच सुमाराला. गुळगुळीत हिरवळ आणि तो रस्ता एकाच आवारातले, एकाच काळातले. कार्डानं हिरवळ उचलली.

म्हणून मी चित्र बघून झालं की कार्ड उलटतो. जाणकार संग्राहक आधी तिकडेच बघतात, पण ते शिक्क्यासाठी आणि तिकिटासाठी. मला मजकूर हवा असतो. अगदी जुन्या कार्डांवर तोही मागे नसतो. तेव्हा मागची सगळी बाजू पत्त्यासाठी राखलेली. तिथे एक शब्दही जास्तीचा चालत नसे. म्हणून मजकूर चित्राच्या कडेनं, आभाळात, पुलाच्या कमानीखाली, जागा मिळेल तिथे मुंगीच्या अक्षरात. विलायतेत १९०२ पासून मागच्या बाजूला मधोमध रेघ आली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. थोड्याच वर्षांत तीच रीत सगळीकडे झाली आणि बिचाऱ्या आभाळाची सुटका झाली. मजकुरात काय असतं? पाऊस फार आहे. घोडा आजारी आहे. तुझं पत्र या मेलला आलं नाही. बोट निघायची वेळ झाली, एवढ्यावरच थांबतो.

पेठांमधलं पुणं याच काळात पोस्टकार्डावरच नांदत होतं, फक्त त्याला चित्र नव्हतं. १ जुलै १८७९ ला हिंदुस्थानात पाव आण्याचं, म्हणजे पैशाचं कार्ड निघालं. एका अंगाला राणीचा मुखडा आणि पत्त्याची जागा, दुसरं अंग कोरं. कोरं अंग मिळाल्यावर मराठी माणूस थांबतोय कशाला. वर 'श्री', मग 'सा. न. वि. वि.', मग 'पत्रास कारण की', मग सोयरीक, पिकपाणी, दुखणी, भाव, उसने पैसे, आणि जागा संपली की कडेनं आडव्या ओळीत 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद'. कार्ड उघडं, पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचावं. त्यामुळे नाजूक गोष्टींना 'त्या विषयी समक्ष बोलू' हे कुलूप. ही कुलपं मला भयंकर छळतात. शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी कुणाला तरी समक्ष काय सांगितलं, ते आता कोण सांगणार?

ही कार्डं राहिली ती तारेमुळे. खुंटीला अडकवलेली जाड तार, खालचं टोक वाकवलेलं. वाचून झालं की कार्ड तारेत टोचायचं. दिवाणखान्यात एक तार, दुकानात गल्ल्याच्या मागे दुसरी. म्हणून जुन्या कार्डाच्या मध्यावर भोक असतं. ते भोक नेमकं महत्त्वाच्या शब्दावर पडलेलं असतं असा माझा अनुभव आहे. 'मुलगी पसंत' आणि पुढे भोक. 'आहे' की 'नाही', हे पुढचं कार्ड मिळाल्याशिवाय कळायची सोय नाही.

आणि तारेवर एक गोष्ट कधीच सापडत नाही, ती म्हणजे मृत्यू. कुणी गेल्याचं कार्ड कोपरा फाडून यायचं. ते घरात ठेवायचं नाही. वाचलं की फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. त्यामुळे एखाद्या घराण्याची तारभर पत्रं वाचली तरी त्यात माणसं जन्मतात, मुंजी होतात, लग्नं होतात, बाळंतपणं होतात, आणि मरत कुणीच नाही. फक्त 'ती. काकांस नमस्कार' हे एका पत्रापासून पुढे यायचं थांबतं. प्लेगच्या वर्षांतल्या पत्रांत असे नमस्कार पटापट गळत गेलेले दिसतात. गणेशखिंडीच्या हिरवळीवर जे दिसलं नाही ते इथे दिसतं, तेही न लिहिलेल्या ओळींत.

पण माझं सगळ्यात जास्त प्रेम पत्त्यावर. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी पत्ता म्हणजे वर्णन. 'ओंकारेश्वरासमोरचा वाडा, दुसरा चौक, माडीवर.' 'खुन्या मुरलीधराच्या मागे.' 'पत्र्या मारुतीवरून पुढे, विहिरीच्या अंगास.' 'भिकारदास मारुतीजवळ, अमक्यांच्या वाड्यात, तमक्यांचे बिऱ्हाड.' या एका ओळीत घर कुणाचं, राहतं कोण, दार कुठल्या तोंडाला आणि बिऱ्हाडकरू वर की खाली, एवढं सगळं असतं. शंभरेक पत्ते ओळीनं लावले तर पेठेचा नकाशा तयार होतो, आणि सरकारी नकाशात नसलेल्या विहिरी त्यात असतात. एका पत्त्यातल्या विहिरीच्या शोधात मी नारायण पेठेत हिंडलो. विहिरीच्या जागी पार्किंग आहे. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, 'साहेब, इथे पाणी टँकरनं येतं.'

अडचण एवढीच की पुण्यात मिळतात ती पुण्याला आलेली कार्डं. पत्ता पुण्याचा, मजकूर वाईचा किंवा बार्शीचा. पुण्याहून निघालेला मजकूर गेला साताऱ्याला, इंदूरला, बडोद्याला. साहेबाचं पुणं गेलं विलायतेला आणि आता ऑनलाइन लिलावातून पौंडांत परत येतंय. आपल्या गावची खबर हवी तर दुसऱ्याच्या घरची तार धुंडाळायची. माझ्या हाती लागलेलं सगळ्यात चांगलं पुणेरी कार्ड कराडच्या एका नातेवाइकांकडे निघालं. तारीख जुलै १९६१ मधली, पानशेत फुटल्यानंतरच्या आठवड्यातली. १२ जुलैला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. कार्डावरचं अक्षर पेन्सिलीचं. 'आम्ही सर्व सुखरूप. घर बसले. भांडी थोडी सापडली. कागदपत्रे गेली. दत्ताचे पुस्तक व शिवणयंत्र गेले. पैसे पाठवू नयेत, मुक्कामाचे नक्की नाही.' आणि एवढं सगळं होऊनही कडेला आडव्या ओळीत मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. 'कागदपत्रे गेली' या दोन शब्दांत किती वाड्यांच्या किती तारा गेल्या असतील. मातीच्या भिंती विरघळल्या, तिथे खुंटीवरच्या कार्डांची काय कथा.

जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, हे दोन्ही माल शेजारी-शेजारी विकायला असतात. चित्राची कार्डं प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि भाव ऐकून गप्प बसावं असा. साधी कार्डं गोणपाटावर, मूठभर घ्या आणि काय ते द्या. एका विक्रेत्याला मी विचारलं, यांना का नाही हो किंमत? तो म्हणाला, 'लिहिलेली आहेत ना. कोरी असती तर तिकीटवाल्यांनी घेतली असती.' बाजाराचा न्याय. मला तो सोयीचा आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

त्या मुठीतली निम्मी मोडीत निघाली. सगळी एकाच पेढीला आलेली, पत्ता रविवार पेठेचा, तारेचं भोक अगदी मधोमध. भारत इतिहास संशोधक मंडळ घरापासून लांब नाही, मोडी वाचणारी मंडळी तिथे भेटतात, पण आयतं वाचून घेण्यात मजा नाही म्हणून स्वतःच तक्ता समोर ठेवून बसलोय. मोडीत हात न उचलता लिहितात, आणि ही पेढीवाली माणसं तर श्वासही न घेता लिहीत असावीत. सध्या 'साष्टांग नमस्कार' आणि 'विशेष' एवढं सुटलं आहे. पुढे 'गूळ' असावा असा दाट संशय आहे, कारण त्यानंतर आकडे आहेत. बायको म्हणते, शंभर वर्षांपूर्वीचा गुळाचा भाव कळून तुम्ही करणार काय. पण त्या आकड्यांखाली तीन ओळी आहेत आणि त्यातल्या शेवटच्या ओळीत 'समक्ष' हा शब्द मला स्पष्ट वाचता येतोय.