कोकणचा दशावतार आणि कदंबकाळाची कथा

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘दशावतार’ मी बेळगावात आईसोबत पाहिला. सुबोध खानोलकर यांच्या या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, दृष्टी मंदावलेला तरीही रंगमंच सोडण्यास तयार नसलेला बाबुली मेस्त्री इतक्या निष्ठेने उभा केला आहे की, मुलगा त्याला थांबायला सांगतो तेव्हा त्याच्या जिवाची होणारी तगमग आजही मला अस्वस्थ करते. उत्तरार्ध मात्र थोडा लांबलेला वाटला. बापलेकांच्या नात्याला आणखी वेळ मिळायला हवा होता.

ऑक्टोबरमध्ये आलेला ऋषभ शेट्टी यांचा ‘कांतारा: चॅप्टर १’ आम्ही मूळ कन्नडमध्येच पाहिला. त्यातील युद्धदृश्यांचा गोंगाट मला सोसला नाही, परंतु दैवसंचाराच्या दृश्यांत मराठी आणि कन्नड प्रेक्षक सारखेच स्तब्ध झाले होते. कथा कदंबकाळातली असल्यामुळे, आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी हेही कदंबांच्या राजधानीचे ठिकाण होते, असे मी मध्यंतरात आईला सांगितले, तेव्हा ती तेथील भूवराह नरसिंह मंदिराविषयी इतक्या आत्मीयतेने बोलू लागली की, पडदा पुन्हा उजळल्याचे आमच्या उशिराच लक्षात आले.