कपाटातले शेजारी शोधताना

सोमवार

क्वेरी लेटरमध्ये, म्हणजे आपली कादंबरी प्रकाशकाकडे नेणाऱ्या एजंटला लिहायच्या पत्रात, इंग्रजीत लिहिणारे बहुतेक जण कथानकापाशी अडत नाहीत, अडतात ते तुलनेच्या पुस्तकांपाशी, म्हणजे कपाटात आपल्या पुस्तकाशेजारी शोभतील अशा पुस्तकांपाशी. धंद्यात त्यांना 'कॉम्प' म्हणतात. अमेरिकन एजंटला जाणारं पत्र साधारण तीनशे-चारशे शब्दांचं असतं, आणि त्यात कॉम्पच्या वाट्याला एक वाक्य येतं, फार तर दोन. एवढ्याशा जागेसाठी कित्येक आठवडे जातात, आणि ते जायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं. या आठवड्यात भूतशिकारीची किशोरांसाठीची कादंबरी घेऊन हे शेजारी शोधू.

हे वाक्य कुणाच्या कामाचं आहे, ते आधी पक्कं समजून घ्यावं. एजंट त्यावरून पुस्तकाचा वाचक कोण ते ओळखतो. पसंत पडलं तर जवळपास तेच वाक्य संपादकाकडे जातं, आणि संपादक ते प्रकाशनसंस्थेच्या खरेदीच्या बैठकीत मांडतो. तिथं विक्री विभाग सर्काना बुकस्कॅन या खपाची नोंद ठेवणाऱ्या सेवेवर कॉम्प पुस्तकांच्या छापील प्रतींचा खप काढून बघतो आणि नफ्यातोट्याच्या कच्च्या हिशोबात ते आकडे धरले जातात. म्हणून लाखांनी खपलेलं पुस्तक चालत नाही, कारण त्या आकड्यावर नव्या लेखकाचा हिशोब कुणी बांधत नाही. अजिबात न खपलेलं पुस्तकही चालत नाही. हवं असतं ते मधलं: नीट खपलेलं, दोन-चार चांगली परीक्षणं मिळालेलं, दुकानदाराच्या ओळखीचं.

तीन ते पाच वर्षांच्या आतलं पुस्तक घ्यावं, हा नियमही यातूनच येतो. करार झाल्यापासून पुस्तक बाजारात यायला दीड-दोन वर्षं सहज लागतात. म्हणजे 2021 साली आलेलं पुस्तक कुणीतरी 2019च्या आसपास विकत घेतलेलं असतं. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं नाव घेतलं, तर दाखला त्याहूनही जुन्या बाजाराचा दिला जातो.

मंगळवार

भूतशिकारीच्या यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, कादंबरीचं खरं दुखणं म्हणजे सगळ्यांना एकच नाव आधी सुचतं: 'लॉकवुड अँड को.' जोनाथन स्ट्राउडच्या या मालिकेचं पहिलं पुस्तक 2013 साली आलं, पाचवं आणि शेवटचं 2017 साली. नेटफ्लिक्सवरची मालिका जानेवारी 2023 मध्ये आली, आठ भागांचा एकच हंगाम झाला आणि मे महिन्यात ती बंद केल्याचं जाहीर झालं. कॉम्प म्हणून अडचणी तीन. पुस्तकं जुनी आहेत. मालिका फार गाजलेली आहे. आणि अमेरिकेत ती बऱ्याचदा मिडल ग्रेडच्या, म्हणजे साधारण आठ ते बारा वयाच्या कपाटात सापडते. तरी मी ती पूर्ण बाद करणार नाही. नेटफ्लिक्सवरची मालिका अर्ध्यावर तुटल्यामुळे तसंच काहीतरी शोधणारे वाचक आहेत, आणि दोन ताजे कॉम्प दिल्यावर शेवटी अर्ध्या वाक्यात तिचं नाव घेता येतं. मुख्य आधार म्हणून मात्र नको.

'अ‍ॅना ड्रेस्ड इन ब्लड'चंही तसंच. नायक भुतांना संपवणारा, घटना कॅनडातल्या थंडर बे शहरात, विषय अगदी नेमका. पण साल 2011. 'सिटी ऑफ घोस्ट्स' 2018चं आहे, आईवडील भुताखेतांवर टीव्ही कार्यक्रम करतात, एडिनबरा शहर छान उभं राहतं, पण नायिका बारा वर्षांची. ते यंग अडल्ट नव्हेच. यंग अडल्टच्या पत्रात मिडल ग्रेडचा कॉम्प आला की आपण कुणासाठी लिहितो हे लेखकालाच ठाऊक नाही, अशी एजंटला शंका येते. चौदा वर्षांचा नायक असलेल्या कादंबऱ्या याच फटीत अडकतात. कथा परवानगी देत असेल तर वय सोळा करावं, नाहीतर सरळ बारा-तेरावर आणून मिडल ग्रेड लिहावं.

बुधवार

आज थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं काम इथंच होतं.

'भूत' या एका दुव्यावर कॉम्प जुळवायला गेलं की काहीच हाती लागत नाही. भूत शेकडो पुस्तकांत आहे. कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडावेत: कोण शोधतं, कशानं शोधतं, आणि मेलेल्याला काय हवं आहे.

पहिल्या रकान्यात प्रकार मोजकेच पडतात: पैसे घेऊन काम करणारी टोळी, जन्मजात मेलेले दिसणारी व्यक्ती, कॅमेरा घेऊन फिरणारे चॅनलवाले, किंवा घरातच अडकलेलं कुटुंब. दुसऱ्यात अंगची शक्ती, मंत्र-विधी किंवा यंत्रं. यंत्रं असतील तर ती पानांवर किती दिसतात ते बघावं. ईएमएफ मीटर हे मुळात विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजायचं साधन, भिंतीतल्या जुन्या वायरिंगजवळ किंवा खिशातल्या मोबाइलजवळही त्याचे दिवे लागतात. स्पिरिट बॉक्स रेडिओच्या फ्रिक्वेन्सी भराभर बदलत जातो आणि त्यातले तुटक शब्द माणसं उत्तर म्हणून ऐकतात. हा खरं-खोटं तपासण्याचा भाग कादंबरीत मोठा असेल, तर तिचा वाचक पुराव्याच्या मागे लागलेला असतो, आणि मंत्रतंत्राच्या पुस्तकाशी केलेली तुलना त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. भूत शत्रू आहे, मित्र आहे, प्रियकर आहे, की न्याय मागणारा बळी? कादंबरीचा सूर इथं ठरतो.

एक उदाहरण घेऊ. सोळा वर्षांची मुलगी, ओहायोतलं पोलादाचा कारखाना बंद पडलेलं छोटं गाव. धाकट्या भावाबरोबर ती भूतशोधाचं व्हिडिओ चॅनल चालवते. एका रात्री रेकॉर्डरवर हरवलेल्या वर्गमैत्रिणीचा आवाज येतो. घरात कुणी विश्वास ठेवत नाही. रकाने भरले तर: चॅनलवाले, यंत्रं, न्याय मागणारा बळी. चौथी गोष्ट आपोआप पुढे येते: गावानं काहीतरी दडवलं आहे.

आता पुस्तकं लावून बघू. 'सेमेटरी बॉईज' (2020) यंग अडल्टच आहे, पण तिथलं भूत प्रेमाच्या माणसाचं, सूर उबदार. शिवाय ते बेस्टसेलर झालं, नॅशनल बुक अवॉर्डच्या लाँगलिस्टमध्ये गेलं, आणि त्याला पाच वर्षं उलटली. बाद. 'व्हाइट स्मोक' (2021) मध्ये घर झपाटलेलं आहे आणि शहरातल्या घरांच्या राजकारणाचा धागा पक्का आहे, पण शोधणारी टोळी नाही. बाद, निदान या कादंबरीपुरतं. 'द डेड अँड द डार्क' (2021) मध्ये नायिकेचे दोन्ही वडील टीव्हीवरचे भूतशिकारी, ऑरेगनमधलं स्नेकबाइट नावाचं गाव, गायब होणारी मुलं. चारांपैकी तीन खुणा जुळतात; फक्त साल जुनं होत चाललंय. 'शी इज अ हॉन्टिंग' (2023) व्हिएतनाममधल्या फ्रेंच वसाहतकाळच्या घरात घडते, वरवर बघता काहीच जुळत नाही. पण घरात काहीतरी आहे हे घरच्यांना पटवायची मुलीची धडपड अगदी तीच. भयसाहित्याचा ब्रॅम स्टोकर पुरस्कार तिला यंग अडल्ट विभागात मिळाला आहे, म्हणजे नाव थोडं मोठं, तरी चालेल असं माझं मत.

कथानक वेगळं आणि वाचक एकच, असं पुस्तक सापडलं की समजावं, शेजारी मिळाला.

गुरुवार

शोधायचं कुठे? दुकानांच्या संकेतस्थळांवरच्या 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' या पट्टीवर विसंबू नये. तिथं गाजलेलीच पुस्तकं पुन्हापुन्हा येतात आणि वयोगटांची सरमिसळ होते.

कर्कस या पुस्तकपरीक्षणांच्या अमेरिकन नियतकालिकात परीक्षणाच्या अगदी शेवटी कंसात प्रकार आणि वय दिलेलं असतं, उदाहरणार्थ 'भयकथा, 14-18'. स्कूल लायब्ररी जर्नल इयत्ता देतं, 'नववी आणि पुढे' अशी. एवढ्यावरून वयोगटाचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो. बायसॅक, म्हणजे पुस्तकांच्या विषयवार वर्गीकरणाचा संकेतांकही बघावा: वायएएफनं सुरू होणारा यंग अडल्टचा, जेयूव्हीनं सुरू होणारा मुलांचा. अमेरिकन पुस्तकाच्या कॉपीराइटच्या पानावर लायब्ररी ऑफ काँग्रेसचे विषय छापलेले असतील तर त्यातला 'घोस्ट्स' हा विषय ग्रंथालयाच्या सूचीत टाकून वर्षाप्रमाणे यादी लावावी. अनोळखी, मधल्या खपाची पुस्तकं अशीच बाहेर येतात. हॉरर रायटर्स असोसिएशन ब्रॅम स्टोकरच्या अंतिम फेरीची यादी दरवर्षी जाहीर करते, यंग अडल्टचा विभाग त्यात वेगळा असतो. मागच्या तीन-चार वर्षांच्या याद्या काढल्या की पंधरा-वीस नावं सहज जमतात.

एडेलवाइस या संकेतस्थळावर प्रकाशकांचे हंगामी कॅटलॉग असतात आणि पुष्कळ पुस्तकांच्या पानावर प्रकाशकानं स्वतःच दिलेले कॉम्प दिसतात. आपल्याला जवळच्या वाटलेल्या पुस्तकाला त्याच्या घरच्यांनी कुणाच्या शेजारी बसवलंय हे बघण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

पब्लिशर्स मार्केटप्लेस या पुस्तकांच्या करारांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाला पैसे पडतात, पण तिथं कुठल्या एजंटनं कुणाला पुस्तक विकलं हे कळतं. कॉम्पचे एजंट इथून टिपून ठेवावेत, पण जपून. त्या एजंटकडे आधीच भूतशिकारीचं एक पुस्तक असेल तर 'माझ्याच लेखकाशी स्पर्धा नको' असं म्हणून तो नकार देऊ शकतो.

शुक्रवार

चाळणीचं काम कंटाळवाणं, पण लवकर उरकतं. पाच वर्षांपलीकडचं काढावं. मोठ्यांसाठीची भयकादंबरी काढावी, कितीही आवडती असली तरी. मालिकेचा दुसरा-तिसरा भाग नको, आपलं पुस्तक पहिलं आहे. लेखकानं स्वतः छापलेलं नको, कारण आपण मागतोय तो रस्ता वेगळा आहे. दोन्ही कॉम्प एकाच लेखकाचे नकोत. खपाचे आकडे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरच्या रेटिंगची संख्या ढोबळ अंदाजासाठी बघावी. दोन-तीन हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंतचं पुस्तक मला सुरक्षित वाटतं. लाखाच्या पुढे गेलेलं ठेवायचं तर कारण भक्कम हवं.

मग वाचायचं. अख्खं. निदान पहिली पन्नास पानं आणि शेवटची तीन प्रकरणं, याहून कमी चालणारच नाही. मलपृष्ठावरच्या मजकुरात प्रत्येक झपाटलेलं घर सारखंच दिसतं. निवेदन प्रथमपुरुषी आहे का, रक्त किती सांडतं, भूत शेवटी खरं निघतं की बनाव, हे पानं उलटल्याशिवाय कळत नाही. भूत खोटं निघणारं रहस्य खऱ्या भुताच्या कादंबरीला कॉम्प दिलं, तर ते वाचलेल्या एजंटला पहिल्याच ओळीत चूक दिसते.

शनिवार

आता वाक्य. ओहायोच्या त्या मुलीसाठी मी असं बांधेन:

'74,000 शब्दांच्या या यंग अडल्ट भयकादंबरीत कोर्टनी गूल्डच्या "द डेड अँड द डार्क"सारखी गावानं दडवलेली गुपितं आहेत, आणि घरच्यांना भूत पटवून देण्याची ट्रांग थान ट्रानच्या "शी इज अ हॉन्टिंग"मधली जीवघेणी धडपड आहे; "फास्मोफोबिया" खेळणाऱ्यांना यातला पुराव्यांचा शोध ओळखीचा वाटेल.'

प्रत्येक नावापुढे काय घेतलं ते लिहिलंय. नुसतं 'अमुक आणि तमुक यांचा संगम' म्हटलं की त्या पुस्तकातलं नेमकं काय घेतलंय हे एजंटनं ओळखायचं, आणि दिवसाला ढीगभर पत्रं वाचणारा माणूस तेवढा थांबत नाही. तिसरी जागा पुस्तकाबाहेरची आहे. 'फास्मोफोबिया' हा संगणकावरचा खेळ सप्टेंबर 2020 पासून खेळायला मिळतोय. चौघांपर्यंतची टोळी यंत्रांनी पुरावे गोळा करून भुताचा प्रकार ओळखते. यंत्रांचा रकाना त्यानं भरून निघतो. पुस्तकाबाहेरचं असं एकच नाव द्यावं, तेही दोन पुस्तकांच्या जोडीला. नुसत्या चित्रपट-मालिकांची नावं दिली की लेखक वाचत नाही असं दिसतं.

लेखकाच्या नावाचं स्पेलिंग मुखपृष्ठावरून अक्षर न् अक्षर ताडून घ्यावं. 'माझं पुस्तक यापेक्षा सरस' हा सूर कुठंही नको. आणि 'असं पुस्तक आजवर झालंच नाही' हे तर मुळीच नको. एजंट त्याचा अर्थ 'याला दुकानात जागा नाही' असा घेतो.

रविवार

मराठी घरातून इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. पुण्यात वाढलेली किंवा न्यू जर्सीतली मराठी मुलगी मुंज्याच्या, हडळीच्या मागावर निघते, अशी कादंबरी लिहिणाऱ्याला धारप-मतकरींची नावं घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. ती पत्रात घ्यावीतच, पण कॉम्पच्या ओळीत घेऊ नयेत, कारण विक्री विभाग आकडे अमेरिकन दुकानांतल्या खपाचे बघणार. त्यांची जागा शेवटच्या परिच्छेदात, लेखकाच्या ओळखीत: 'मराठी भयकथांवर वाढले, त्यातली भुतं या कादंबरीत आहेत.' कॉम्पसाठी मात्र दुसऱ्या एखाद्या संस्कृतीतलं भूत इंग्रजी वाचकापर्यंत पोचवणारं ताजं यंग अडल्ट पुस्तक शोधावं. व्हिएतनामचं वर आलंच. मुंज्या म्हणजे काय हे कथेत किती आणि कुठं उलगडायचं, याचाही अंदाज अशा पुस्तकावरून येतो.

पत्रं सहसा आठ-दहाच्या गटानं पाठवतात आणि उत्तरं यायला महिने जातात. तेवढ्यात कॉम्पही शिळे होतात. प्रत्येक नव्या गटाआधी दोन्ही पुस्तकांची सालं पुन्हा बघावीत, नव्या स्टोकर यादीवरून नजर फिरवावी आणि राखीव म्हणून तिसरं पुस्तक वाचून ठेवावं. वर बांधलेल्या वाक्यातलं 2021चं पुस्तक सगळ्यात आधी बदलावं लागेल.